तिनं रेघ कुठे मारलीये ते बघ

पत्र असं आहे, थोडं लहान करून देतेय:

"नमस्कार मावशी, मी कोथरूडला राहते, वय ३७. माझी धाकटी बहीण २९ वर्षांची, हिंजवडीला आयटीत आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे बाबा कोविडनं गेले. बेड मिळेपर्यंत दीड दिवस ते घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होते, आई पण पॉझिटिव्ह, त्यामुळे सगळं बहिणीनंच बघितलं. (मी तेव्हा बंगलोरला होते, येता आलं नाही.) आता चार वर्षं होऊन गेली तरी ती कोणाशी धड बोलत नाही, बोलली तर टोचूनच. आई तर तिला घाबरूनच असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला परत आलो, आता सगळे एकत्रच राहतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या फिश टँकचं मशीन तिनं रात्री दोनदा बंद केलं, दोन मासे मेले, तो आठ वर्षांचा आहे, तो म्हणतो मावशी वाईट आहे. ती रात्रभर त्या इंग्रजी फँटसी रोमान्सच्या जाडजाड कादंबऱ्या वाचते. तिला समजून घ्यावं म्हणून मी तिच्या कपाटातून एक हळूच घेऊन वाचली. त्यातली नायिका अगदी हिच्यासारखी, सगळ्यांना तोडून बोलणारी. तिच्या घरचे शेवटी तिचं घर काढून घेतात आणि तिला जबरदस्तीनं डोंगरावरच्या किल्ल्यात पाठवतात, तिथे एक योद्धा तिला शिकवतो, प्रेम होतं आणि ती सावरते. मला रडू आलं. मग वाटलं आपणही असंच काही करावं का? वाईला काकांचं घर आहे, तिथे सहा महिने पाठवावं असं माझं मत. आई म्हणते लग्न करून द्या, निगडीचं एक चांगलं स्थळ आलंय, चांगला मुलगा मिळाला की आपोआप माणसात येईल. काय करू? ता. क. तिनं पुस्तकात पेन्सिलनं एकाच ठिकाणी रेघा मारल्यात, जिथे नायिका रात्री जिन्यात बसलेली असते आणि तिथली एक कामवाली मुलगी येऊन काही न विचारता शेजारी बसते. – एक ताई"

अगं ताई, तुला सरळ तूच म्हणते, माझ्या मोठ्या भाचीच्या वयाची आहेस तू.

पहिली गोष्ट, तू तिचं पुस्तक वाचलंस हे मला फार म्हणजे फारच आवडलं. न विचारता घेतलंस ते राहू दे, त्यावर शेवटी बोलू. पण आपल्याकडे घरातली मुलगी काय वाचते यावर लोक नाक मुरडतात, "कसली ती परीकथेची पुस्तकं, वय काय आणि वाचते काय" असं म्हणून मोकळे होतात, उघडून कोणी बघत नाही, तू सहाशे-सातशे पानं वाचलीस, तेही एका माणसाला समजून घ्यायला. ते जमलंय तुला, फक्त त्यातून जो धडा काढलास ना तो चुकीच्या पानावरून काढलास असं मला वाटतं.

मी पण ही पुस्तकं वाचते हो, गेली तीन-चार वर्षं, मुलीमुळे लागली सवय. फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथे डिसेंबरात गेलं तर कॉलेजच्या मुली या पुस्तकांच्या टेबलाशी गर्दी करून असतात, आणि दरवेळी मला वाटतं की यातल्या कितीतरी जणी फक्त पंखवाल्या हिरोसाठी आलेल्या नाहीत. या गोष्टींमध्ये जी भांडकुदळ, कडवट नायिका असते ना, तिला लेखिका सुरुवातीला मुद्दाम नकोशी करते, ती दारं आपटते, बहिणीला नको ते बोलते, जेवणाचं ताट ढकलते. आणि तरी आपण वाचत राहतो, कारण आपण तिच्या डोक्यात बसलेलो असतो. ताट ढकलताना तिच्या पोटात काय कालवलं ते आपल्याला माहिती असतं. तिच्या घरच्यांना ते माहिती नसतं, त्यांना फक्त तिचं तोंड दिसतं. तू रडलीस ती म्हणूनच रडलीस, कारण पहिल्यांदा तू त्या मुलीच्या आत होतीस, बाहेर डायनिंग टेबलवर नव्हतीस.

आता फिश टँककडे येते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खुपलं, मी दोन दिवस त्याचाच विचार करतेय.

बाबा दीड दिवस घरी मशीनवर होते म्हणालीस. ज्यांनी ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी वापरलंय त्यांना माहितीये, त्याला बाजूला एक पाण्याची बाटली असते, ऑक्सिजन त्या पाण्यातून जातो म्हणजे नाक कोरडं पडत नाही, आणि ती बाटली सतत बुडबुड-बुडबुड करत असते. मशीनची घरघर वेगळी आणि तो बुडबुडा वेगळा. रात्री घर शांत झालं की तेवढंच ऐकू येतं. तो आवाज चालू आहे म्हणजे ऑक्सिजन चालू आहे, म्हणून जागणारा माणूस कान तिथेच लावून बसतो, एका हातात ऑक्सिमीटर, आकडा ८८, ८६, पुन्हा ८७, आणि दुसऱ्या हातात फोन, बेड आहे का बेड आहे का. त्या एप्रिलमध्ये पुण्यात बेडसाठी, रेमडेसिव्हिरसाठी काय वणवण होती ते आपण सगळ्यांनीच बघितलंय. आणि आता चार वर्षांनी रात्री दोन वाजता बाहेरच्या खोलीतून तोच आवाज येतो, बुडबुड-बुडबुड, माशांच्या टाकीतून.

मी डॉक्टर नाही आणि तुझ्या बहिणीला भेटलेले पण नाही, त्यामुळे असंच आहे असं छातीठोक सांगणार नाही. पण ती टाकीचं झाकण काढत नाही, माशांना हात लावत नाही, फक्त मशीन बंद करते, आणि तेही रात्रीच. यात मला दुष्टपणा दिसत नाही गं. मला ती बाटली दिसते.

मग आधी एवढंच कर, टाकी तुमच्या बेडरूममध्ये हलव, दार लावून घे. तिला कारण विचारू नकोस, भाषण पण नको, नुसती हलव. आणि लेकाला सांग की मावशी वाईट नाहीये, तो आवाज ऐकला की तिला आजोबांची आठवण येते आणि खूप भीती वाटते, कदाचित म्हणून तिनं बंद केलं असेल, तिला मासे मारायचे नव्हते. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

याला काय म्हणायचं ते डॉक्टर बघतील. युद्धावरून आलेल्या सैनिकांना असं व्हायचं, फटाका वाजला की टेबलाखाली, व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेत त्यावर फार बोललं गेलं आणि १९८० मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणारा ताण, हे नाव देऊन आजारांच्या यादीत घेतलं. पण सैनिकच असावं लागतं असं नाही. ज्युडिथ हर्मन नावाच्या डॉक्टरबाईंनी पुढे ठामपणे मांडलं की रणांगणावरची जखम आणि घरात मार खाल्लेल्या बाईची जखम या एकाच जातीच्या आहेत. आणि न संपणाऱ्या दुःखालाही आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत स्वतःची जागा आहे, २०२२ पासून लागू झालेल्या यादीत. म्हणजे चार वर्षांनी पण ती तिथेच अडकलीये हे नाटक नाही, हट्ट पण नाही.

आता तुझा वाईचा प्लॅन. मला कळतंय तो प्रेमातून आलाय. कृष्णाकाठचं गाव, शांत, हवा चांगली. पण त्याच हर्मनबाईंचं म्हणणं असं की अशा माणसाच्या बरं होण्याची पहिली पायरी म्हणजे सुरक्षित वाटणं, आणि त्यासाठी स्वतःच्या आयुष्याची दोरी परत स्वतःच्या हातात यावी लागते. त्या रात्री तिच्या हातात काहीच नव्हतं ना गं, बेड नव्हता, अँब्युलन्स नव्हती, आकडा खाली जात होता आणि ती काही करू शकत नव्हती. आता तुम्ही सगळे मिळून तिची बॅग भरून तिला गाडीत बसवलंत तर तिच्यासाठी ती तीच रात्र आहे, पुन्हा दुसऱ्यांनी ठरवलं आणि आपण नुसतं बघत बसलो. पुस्तकात ते चालून जातं कारण लेखिकेला शेवट माहिती आहे, किल्ल्यात काय वाट बघतंय ते तिनंच लिहिलंय. वाईला काय वाट बघतंय? काका-काकू, ज्यांना ती वर्षातून दोनदा भेटते, आणि संध्याकाळी सात नंतर कोणी बोलायला नाही. ती स्वतः म्हणाली मला जायचंय तर खुशाल जाऊ दे, सोडायला तू जा. आणि उद्या कोणी नातेवाईक म्हणाले की हिला कुठेतरी ॲडमिट करा जबरदस्तीनं, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आपल्याकडे, तोडून बोलते म्हणून सज्ञान माणसाला कुठे नेऊन टाकता येत नाही.

आणि स्थळ. आईंवर रागावू नकोस, त्यांच्या पिढीकडे हाच उपाय होता, आणि खरं सांगू का, या कादंबऱ्याही वरवर वाचल्या तर तेच सांगतात, योग्य पुरुष आला की बाई सावरली. पण तू नीट आठव तो योद्धा कसा होता. या गोष्टींमधला हिरो शेकडो वर्षं जगलेला असतो, त्याला घाई नसते, त्यानं स्वतः मरण जवळून बघितलेलं असतं, ती नको म्हणाली तर तो दाराबाहेर थांबतो, आणि पाचशे पानं थांबतो. निगडीच्या मुलाला काय मिळणार, कांदेपोह्यांच्या दोन भेटी, एका कॅफेत कॉफी, आणि तीन आठवड्यांत हो की नाही सांगा. त्याला यातलं काही सांगितलेलं पण नसणार. तो चांगलाच असेल हो, पण लग्नाला उभा राहिलेल्या मुलावर नर्सचं काम टाकायचं आणि ते जमलं नाही की दोघांचं आयुष्य वाया, हे त्याच्यावरही अन्याय आहे. तिला जेव्हा कोणी आवडेल, तिला स्वतःला वाटेल, तेव्हा जरूर होऊ दे. औषध म्हणून नवरा नको.

यावरून अहल्या आठवली मला. आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट म्हणजे ती शिळा झाली, रामाचा पाय लागला आणि उद्धार झाला. आईंच्या डोक्यात तेच आहे बघ, दगड झालेली मुलगी आणि पाय लावणारा कोणीतरी. पण वाल्मीकींच्या बालकांडात शिळा नाहीच! तिथे शाप असा की तू कोणाला दिसणार नाहीस, राखेत पडून राहशील, वारा खाऊन जगशील. म्हणजे ती आहे, जिवंत आहे, सगळं भोगतेय, फक्त लोकांना दिसत नाहीये. आणि राम-लक्ष्मण येतात तेव्हा ते दोघंच तिच्या पाया पडतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. तुझ्या बहिणीनं त्या दीड दिवसात जे केलं ना, एकटीनं, पंचविशीत, त्याला कोणी नमस्कार केलाय का गं? तुमच्या घरात कोणी तिला म्हणालंय का की तू बाबांसाठी जे केलंस ते आमच्यापैकी कोणालाच जमलं नसतं? मला वाटतं नाही म्हणालं कोणी. सगळ्यांनी तिला एवढंच सांगितलं असणार की आता सावर, आता आईकडे बघ.

आणि आता तुझ्याबद्दल. पत्रात तू एकच वाक्य कंसात लिहिलंयस, मी बंगलोरला होते, येता आलं नाही. पुढे मागे काही नाही. ते वाक्य मी परत परत वाचलं. तेव्हा कितीतरी जणांना येता येत नव्हतं, निर्बंध होते, कितीतरी घरांत मुलांनी आईबापांचा शेवट व्हिडिओ कॉलवर बघितला, वैकुंठ स्मशानभूमीत लांबून हात जोडले. तुझी चूक नव्हती. पण ते तुला आत कुठेतरी टोचतंय, आणि मला असं वाटतं की तिला लवकर बरं करायची तुझी जी घाई आहे ना त्यात थोडी ती टोचणी पण आहे. ती बरी झाली की तुझं ओझं उतरेल. म्हणून म्हणते, तू पण रड. तिच्यासमोर रडलीस तरी चालेल.

तिनं रेघा मारल्या त्या पानाकडे आता ये. बघ ना, एवढं जाड पुस्तक, त्यात प्रेम आहे, लढाया आहेत, चुंबनं आहेत, आणि तिनं पेन्सिल कुठे उचलली, तर एक मुलगी जिन्यात येऊन शेजारी बसते तिथे. योद्ध्याखाली रेघ नाही. तुझ्या बहिणीला काय हवंय ते तिनं तुला लिहूनच दिलंय की.

मी माझं सांगते एक. माझं दुसऱ्या वेळचं मूल सातव्या महिन्यात गेलं, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली, आम्ही तेव्हा शनिवार पेठेत वाड्यात राहत होतो. मी घरात सगळ्यांना फाडून खायचे. सासूबाई देवाचं कर म्हणायच्या, नवरा म्हणायचा फिरून येऊ महाबळेश्वरला, सगळ्यांचा राग यायचा. माझी मोठी जाऊ फारशी बोलणारी नव्हतीच. ती जानेवारीत रोज दुपारी पाटीभर मटार घेऊन माझ्या खोलीत यायची, खाली बसायची आणि सोलत राहायची. काही विचारायची नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे आणि मागून शेंग फुटल्याचा टक आवाज, मग दाणे पातेल्यात पडल्याचा. आठ-दहा दिवसांनी मी उठून तिच्यासमोर बसले आणि एक शेंग उचलली. बाळाबद्दल पहिल्यांदा मी तिच्याशीच बोलले, तेही खूप नंतर, उन्हाळ्यात. एवढे मटार घरात कोणाला लागत नव्हते हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तर तू तुझे मटार शोध. ती रात्री वाचते ना, मग तू तुझं काहीतरी काम घेऊन त्या खोलीत जाऊन बस, लेकाच्या वह्यांना कव्हर घाल, कपड्यांच्या घड्या कर. जा म्हणाली तर जा, उद्या परत ये. रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर जाणार असशील तर एवढंच म्हण की मी सहाला निघतेय, यायचं तर ये. नाही आली तर तोंड पाडू नकोस. आणि कधीतरी, टेकडीवर किंवा स्वयंपाकघरात, तिला म्हण की त्या रात्री मी नव्हते, काय काय झालं ते मला कोणी नीट सांगितलेलंच नाही, तुला कधी सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचंय. आणि मग गप्प बस. सांगायला लागली तर मधे "जाऊ दे आता" म्हणू नकोस, एवढं पाळ.

याचा अर्थ तिनं काहीही बोलावं आणि तुम्ही ऐकून घ्यावं असं मी म्हणत नाहीये. आई पण नवरा गमावून बसल्यात. तिनं आईला तोडलं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता म्हण की आईशी असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही, पण मी इथून उठून जात पण नाहीये. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणायची, पहिलं एकटं म्हटलंस तर भांडण होईल. या प्रकारच्या चांगल्या पुस्तकांत नायिका माफी मागते, पण खूप उशिरा आणि आपणहून. कोणी मागायला लावलेली नसते.

डॉक्टरांचं पण बघावंच लागेल, ते टाळू नका. नुसत्या शेजारी बसण्यानं सगळं होतं असं नाही. अशा धक्क्यांवर काम करणारे समुपदेशक वेगळे असतात, विचारताना ट्रॉमावर, म्हणजे अशा धक्क्यांवर, काम करता का, ईएमडीआर किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (या त्यावरच्या दोन उपचारपद्धती) करता का असं स्पष्ट विचारायचं. दोन-तीन नावं काढून तिच्यासमोर ठेव, निवडू दे तिला. नाही म्हणाली तर तू स्वतः जा, कशाला म्हणजे, तुझ्या त्या कंसातल्या वाक्यासाठी जा. घरातली एक गेली की दुसरीला ते दार तेवढं परकं वाटत नाही. आणि टेली-मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुलाही करता येईल. पण ती कधी जगण्यात अर्थ नाही, मी नसते तर बरं असतं असं काही बोलली, तर मग वाट बघायची नाही, तिला एकटं सोडायचं नाही, सरळ विचारायचं की जीव द्यायचा विचार येतोय का, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

आणि ते पुस्तक परत कपाटात गुपचूप ठेवू नकोस. तिच्या हातात दे आणि म्हण, तुझं पुस्तक मी न विचारता घेतलं, सॉरी, सगळं वाचलं, रडले पण. रेघांबद्दल काही बोलू नकोस, त्या तू पाहिल्यास हे तिला कळेलच. आणि याचा पुढचा भाग तुझ्याकडे आहे का ते विचार.

टाकी हलवल्यावर रात्री झोपते का ती, ते मला नक्की कळव.